ताण आणि बहार : सावनेरच्या संत्राबागांतून फुलोऱ्याचा एक इतिहास

सावनेर हे नाव मराठी वाचकाला बहुधा एकाच कारणाने ठाऊक असते. राम गणेश गडकरी यांनी २३ जानेवारी १९१९ रोजी याच गावी देह ठेवला. साहित्याच्या इतिहासात सावनेरचा उल्लेख तिथे येतो आणि तिथेच संपतो. पण नागपूरच्या उत्तरेला, कोलार नदीकाठच्या या तालुक्यात जानेवारीचा उत्तरार्ध आणखी एका गोष्टीसाठी मोलाचा असतो. महिना-दीड महिना पाण्यावाचून ठेवलेल्या संत्र्याच्या झाडांचा उपास सोडण्याचे हे दिवस. पाने मलूल झालेली, काही गळालेली, जमीन भेगाळलेली. आणि बागाईतदार रोज सकाळी बगीच्यात फिरून एकच अंदाज बांधत असतो : आज पाणी सोडावे, की आणखी आठ दिवस थांबावे? या एका निर्णयावर त्याचे पुढचे वर्ष उभे असते.

झाडाला फुलवायचे तर त्याला पोसले पाहिजे, असे आपण सहज म्हणतो. घरच्या कुंडीतल्या आमरीला, म्हणजे ऑर्किडला, फूल येत नाही म्हणून आपण आणखी खत घालतो, आणखी पाणी देतो. सावनेर, काटोल, नरखेड, कळमेश्वर या पट्ट्यातली बागाईत मात्र वेगळ्या तत्त्वावर चालत आली आहे. तिथे पोसण्याइतकेच महत्त्व उपाशी ठेवण्याला आहे. या पद्धतीला ‘ताण देणे’ म्हणतात, आणि ताणानंतर येणाऱ्या फुलोऱ्याला ‘बहार’. हे ज्ञान कोणत्या वाटेने इथे आले, त्याला शास्त्राची मान्यता केव्हा मिळाली आणि आज ते कुठे अडले आहे, हे तपासण्याचा प्रयत्न मी या लेखात केला आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, बहाराचा इतिहास हा फळाच्या इतिहासापेक्षा पाण्याचा इतिहास अधिक आहे.

शब्दांची साक्ष

नागपुरी संत्रे मूळचे नागपूरचे नाही. भोसल्यांच्या काळात, रघूजीराजांच्या पुढाकाराने, ते औरंगाबादहून नागपुरात आले आणि आधी राजघराण्याच्या खासगी बागेत लागले, अशी परंपरा सर्वत्र सांगितली जाते. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. भोसल्यांचा महाराजबाग पुढे सरकारी बाग झाला आणि १९०६ मध्ये त्याच परिसरात कृषी महाविद्यालय उभे राहिले. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोहोचली. चार-आठ दिवसांत खराब होणाऱ्या फळाला मुंबईची पेठ त्यानंतरच खऱ्या अर्थाने खुली झाली. राजवाड्यातले फळ शेतात उतरले ते या सगळ्या घडामोडींच्या ओघात.

झाड औरंगाबादहून आले, पण ते फुलवण्याची विद्या? तिच्याबद्दल कागदोपत्री फारसे बोलले जात नाही. माळ्याची विद्या माळ्याच्या तोंडी असते, दफ्तरात नसते. अशा वेळी मला शब्दांकडे वळावेसे वाटते, कारण शब्द हे न लिहिलेले दफ्तरच असते.

‘संत्रा’ हा शब्द पोर्तुगालमधल्या सिंट्रा या गावावरून आला, अशी एक जुनी समजूत आहे. ती टिकत नाही. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातल्या लिंबूवर्गीय फळांची यादी दिली आहे आणि तिच्यात ‘संगतरा’ येतो. बाबर १५३० मध्ये वारला. पोर्तुगीज मलबारला उतरले १४९८ मध्ये. अवघ्या तीन दशकांत एका पोर्तुगीज गावाचे नाव उत्तर हिंदुस्थानातल्या बाजारात फारसी वळणाने रुळले असेल, हे पटत नाही. शब्द फारसी वाटेनेच आलेला दिसतो. ‘बाग’, ‘बगीचा’ हेही फारसी. ‘बहार’ म्हणजे फारसीत वसंत. ‘कलम’ अरबी-फारसी. मोगलाई आणि निजामशाहीच्या औरंगाबादेत ही बागांची भाषा रुळलेली होती, हे वेगळे सांगायला नको.

आता दुसरी यादी पाहा. बहारांची नावे तीन : आंबिया, मृग आणि हस्त. आंबिया म्हणजे आंब्याच्या मोहोराबरोबर, जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा. मृग म्हणजे ७-८ जूनला लागणाऱ्या मृग नक्षत्राच्या पावसाबरोबर फुलणारा. हस्त म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीस येणाऱ्या हस्त नक्षत्राच्या आगेमागे फुलणारा. तिन्ही नावे इथल्या शेतकऱ्याच्या पंचांगातली. ‘ताण’, ‘ओलीत’, ‘आळे’, ‘पन्हेरी’, ‘डोळा बांधणे’, ‘सल काढणे’, ‘नवती’, ‘गळ’ हे कामाचे शब्दही इथलेच. वस्तूची आणि जागेची नावे फारसी. वेळेची आणि श्रमाची नावे मराठी. बागेचा मालक आणि बागेचा माळी यांच्यात भाषेची जी वाटणी होती, तीच या शब्दांत गोठून राहिली आहे, असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हीच तीन नावे पश्चिम महाराष्ट्रात डाळिंबाला आणि पेरूला, मराठवाड्यात मोसंबीला वापरतात. पुणे, नगर, जालना, नागपूर अशा दूरदूरच्या ठिकाणी, वेगवेगळ्या फळझाडांसाठी एकच पद्धत आणि एकच परिभाषा आढळते. एखाद्या सरकारी बागेतल्या प्रयोगातून ती निघाली असती, तर तिला साहेबी नाव मिळाले असते. ती दख्खनच्या माळ्यांची सामाईक विद्या होती आणि झाडाबरोबर ती पूर्वेकडे सरकली, असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

तीन बहारांचे गणित

ही विद्या इथेच का वाढली? उत्तर हवामानात आहे. संत्र्याच्या कुळातले झाड वाढते ते टप्प्याटप्प्याने. एक नवती येते, थांबते, मग दुसरी येते. वाढ थांबली की झाड विसावते, आणि विसावा संपला की येणाऱ्या फुटीत पाने असतील की फुले, हे त्या विसाव्यावर ठरते. पंजाबात हिवाळा इतका कडक असतो की थंडीच झाडाला विसावा देते, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथले किन्नो एकदाच फुलते. तिथे माळ्याला विचार करावा लागत नाही. नागपूरचा हिवाळा गार असतो, पण झाडाला पुरते झोपवील इतका नसतो. उन्हाळा कोरडा, पावसाळा ओला आणि मध्ये उघडीप. त्यामुळे इथे झाड वर्षातून तीनदा फुलू पाहते आणि मोकळे सोडले तर तिन्ही वेळा थोडे थोडे फुलते. झाडावर एकाच वेळी फुले, वाटाण्याएवढी फळे आणि तोडणीचा माल दिसतो. पाहणाऱ्याला हे दृश्य सुंदर वाटते. बागाईतदाराला ते परवडत नाही. माल एकदम निघत नाही, व्यापारी येत नाही, राखण वर्षभर करावी लागते आणि झाड थकते. निसर्ग जिथे स्पष्ट आज्ञा देत नाही, तिथे ती माळ्याला द्यावी लागते. ताण ही ती आज्ञा.

आंबिया बहार घ्यायचा तर डिसेंबरात पाणी तोडतात. किती दिवस, हे जमीन ठरवते. हलक्या, मुरमाड जमिनीत तीन-चार आठवडे पुरतात. मध्यम जमिनीत पाच-सहा. भारी काळ्या जमिनीत दोन महिन्यांपर्यंत वाट पाहावी लागते, कारण काळी माती ओल सोडत नाही. या काळात वखरणी-चाळणी करून जमीन उघडी करतात, म्हणजे वरची ओल उडते. वाळलेल्या फांद्या, म्हणजे सल, काढून टाकतात. घड्याळ किंवा दिनदर्शिका यात उपयोगी नाही. पाने निस्तेज होतात, कडेने वळतात, सकाळीही ताठ होत नाहीत, थोडी गळतात. तेव्हा झाड ताणावर आले असे समजतात. पाव हिश्श्याच्या आसपास पाने गळाली की थांबायचे. त्यापुढे गेले तर फुलण्याऐवजी फांद्या वाळू लागतात.

मग ताण तोडायचा. इथे पोसण्याचे काम सुरू होते, पण तेही हात राखून. आळी बांधून झाडाला कुजलेले शेणखत, निंबोळीची ढेप आणि वरखते देतात. स्फुरद आणि पालाश यांची मात्रा या वेळी देतात. नत्र मात्र सगळे एकदम देत नाहीत. अर्धे आता, उरलेले फळ धरल्यावर महिना-दीड महिन्याने. पहिले ओलीत हलके असते, आठवड्याने दुसरे भरपूर. उपासानंतर पहिल्याच घासाला पोटभर जेवू नये, हा घरातला नियम इथेही चालतो. खोडाला पाणी लागून डिंक्या होऊ नये म्हणून दुहेरी आळे करतात : खोडाभोवती एक कोरडे कडे आणि पाणी त्याच्या बाहेरच्या कड्यात. सारे जमले तर दोन-तीन आठवड्यांत बगीचा पांढरा होतो, आणि सावनेरहून केळवदकडे जाताना वाराच सांगतो की कोणाचा बहार फुटला.

मृग बहाराची रीत हीच, पण ताण उन्हाळ्याचा. एप्रिल-मेमध्ये पाणी तोडायचे आणि मृगाच्या पावसाने ते जोडायचे. आंबियाची फळे त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत येतात. मृगाची पुढच्या वर्षी फेब्रुवारी ते एप्रिलपर्यंत. मृगाचे फळ गोड मानले जाते. हस्त बहार दुबळा. पावसाळ्यात झाडाला ताण बसणारच कसा? म्हणून जाणते लोक तो धरत नाहीत.

आमरीचा धडा

ज्या शतकात नागपूरचे माळी संत्र्याला उपाशी ठेवून फुलवत होते, त्याच शतकात इंग्लंडमधले धनिक आमऱ्यांना जिवापाड जपून मारत होते. हा विरोध मला फार बोलका वाटतो.

१८१८ मध्ये विल्यम कॅटली यांच्या काचघरात ब्राझीलहून आलेली एक आमरी फुलली. जॉन लिंडली यांनी तिला त्यांच्या नावावरून कॅटलिया म्हटले. त्यानंतर इंग्लंडला आमरीचे वेड लागले. नॅथॅनिएल वॉर्ड यांनी शोधलेल्या बंद काचपेट्यांतून १८३० च्या दशकापासून जिवंत झाडे समुद्र ओलांडू लागली. पण पोहोचलेल्या झाडांपैकी बहुतेक मरत. कारण साधे होते. आमरी उष्ण प्रदेशातली, म्हणून तिला वर्षभर वाफेने तापवलेल्या, हवा बंद असलेल्या, दमट काचघरात ठेवत. थंडी नाही, कोरड नाही, विसावा नाही.

चॅट्सवर्थचे बागप्रमुख जोसेफ पॅक्स्टन यांनी काचघरातली उष्णता कमी केली आणि हवा खेळती ठेवली. त्यांच्याच हाताखालचे जॉन गिब्सन १८३६ मध्ये आपल्याकडे खासी टेकड्यांत आले आणि चेरापुंजीच्या परिसरातून डेंड्रोबियमसह अनेक आमऱ्या घेऊन गेले. चेरापुंजी म्हटले की आपल्याला पाऊस आठवतो. पण तिथला हिवाळा गार आणि कोरडा असतो, आणि तिथल्या कितीतरी डेंड्रोबियम त्या कोरड्या महिन्यांत पाने टाकून नुसत्या कांड्यांच्या रूपात उभ्या असतात. फुले येतात ती त्या कांड्यांवर. ज्याने त्यांना हिवाळ्यात पाणी आणि खत चालू ठेवले, त्याला फुलांऐवजी कांड्यावर छोटी रोपे मिळाली. आजही डेंड्रोबियम नोबिलेच्या बाबतीत हेच घडते. बी. एस. विल्यम्स यांचे आमरी-संगोपनावरचे प्रसिद्ध पुस्तक १८५२ मध्ये निघाले, तोवर झाडाला विश्रांती द्यावी लागते हा विचार तिथल्या बागकामात शिरला होता. फॅलेनॉप्सिस ही आज नागपूरच्या फुलांच्या दुकानातही दिसणारी आमरी. तिला फुलाचा दांडा फुटायला कोरड नको, पण काही आठवडे गारवा हवा. प्रत्येकीचा ताण वेगळा, पण ताणाशिवाय कोणी फुलत नाही.

यात आपल्या दाराशीच एक उदाहरण होते. विदर्भाच्या जंगलात आंब्याच्या, मोहाच्या खोडांवर वंदा टेसेलाटा ही आमरी वाढते. तिची मुळे हवेत लोंबतात, पावसाचे पाणी आणि सालीवरून ओघळणारी धूळमाती एवढ्यावर ती जगते. तिला कोणी खत घालत नाही. पुष्कळ लोक तिला बांडगूळ समजतात, पण ती यजमान झाडातून काही शोषत नाही. गंमत अशी की गैरसमज शास्त्रीय नावातही उतरला आहे. सर विल्यम जोन्स यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ‘वंदा’ हे संस्कृत नाव नोंदवले आणि १८२० मध्ये रॉबर्ट ब्राउन यांनी ते प्रजातीचे नाव म्हणून घेतले. संस्कृतात वंदा म्हणजे दुसऱ्या झाडावर वाढणारे झाड, बांडगूळ. नागपूरचा रणरणता उन्हाळा खोडावर काढून ही आमरी फुलते. लंडनच्या काचघरात मात्र एके काळी तिच्या बहिणी वाफेत गुदमरत होत्या.

शास्त्र मागून आले

या अनुभवाला शास्त्राची भाषा मिळायला विसावे शतक उजाडावे लागले. १९१८ मध्ये अमेरिकेत क्राउस आणि क्रेबिल यांनी टोमॅटोवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. भरपूर नत्र मिळालेले झाड पालेदार होते, पण फळत नाही. नत्राच्या मानाने पिष्टाचा साठा वाढला की फळधारणा सुधारते, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे तो फार सोपा ठरवला गेला, कारण दिवसाची लांबी, तापमान, संप्रेरके यांचाही वाटा लक्षात आला. तरी बागेतल्या माणसाला त्यातला मुख्य मुद्दा ओळखीचा होता. वाढ थांबवली की झाडात शिदोरी साठते, आणि शिदोरी साठली की फूल येते.

भारतात चीमा, भट आणि नाईक यांच्या १९५४ च्या फळशास्त्रावरील ग्रंथाने बहार धरण्याच्या पद्धतीची मांडणी केली आणि ‘बहार’ हा शब्द इंग्रजी कृषिवाङ्मयात जसाच्या तसा रुजला. मग १९८६ मध्ये फ्लोरिडातल्या साउथविक आणि डेव्हनपोर्ट यांनी लिंबाच्या एका जातीवर प्रयोग करून दाखवले की पाण्याचा ताण आणि कमी तापमान हे दोन्ही, स्वतंत्रपणे, लिंबूवर्गीय झाडात फुलांची प्रेरणा निर्माण करतात. ताण किती तीव्र आणि किती काळ, यावर फुलांचे प्रमाण बदलते. सावनेरच्या माळ्याने जमिनीच्या रंगावरून आणि पानाच्या वळणावरून जे ठरवले होते, ते आता प्रयोगशाळेतही मोजले गेले.

ही सूझ फक्त आपलीच होती, असेही नाही. सिसिलीत लिंबाच्या बागांना भर उन्हाळ्यात पाणी तोडून, मग ओलीत आणि नत्र देऊन अवेळी फुलवण्याची जुनी पद्धत आहे. त्या फळांना ‘वेर्देल्ली’ म्हणतात. दोन दूरच्या प्रदेशांत, कोरड्या उन्हाळ्याने, एकच धडा शिकवला.

या शास्त्राच्या उजेडात आंबिया आणि मृग यांच्यातला एक फरक नीट दिसतो. आंबियाला दोन मदतनीस असतात : कोरड आणि थंडी. मृगाला एकच, कोरड. म्हणून आंबिया तुलनेने भरवशाचा आणि मृग लहरी. हे दोन्ही विशेष बागाईतदारांच्या बोलण्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांचे कारण तेवढे नवे.

मोटेपासून बोअरपर्यंत

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आंबिया भरवशाचा, तर सगळ्यांनी तोच का धरला नाही? कारण आंबियाचा ताण स्वस्त आहे, पण त्याचे पोषण महाग. फेब्रुवारीत फूल धरले की फळ मार्च ते जून, म्हणजे वर्षातल्या सर्वांत होरपळत्या महिन्यांत, पाण्यावर जगवावे लागते. मोटेच्या काळात हे काम बैलांच्या आणि माणसांच्या घामावर चाले. विहिरीला मे महिन्यात पाणी टिकले आणि बैलजोड्या हाताशी असल्या तरच आंबिया. मृग नेमका उलटा. त्याचा ताण उन्हाळा फुकट देतो, तो ताण पाऊस फुकट तोडतो, आणि फळाला ओलीत लागते ते पावसाळ्यानंतर, हिवाळ्यात, विहिरी भरलेल्या असताना. आंबिया हा पाणीवाल्याचा बहार होता, मृग हा पावसावर भिस्त असणाऱ्याचा. शेतकरी कोणता बहार धरतो यावरून त्याच्या विहिरीची खोली कळे, असे म्हटले तरी चालेल.

मोटेच्या जागी इंजिन आले, मग वीज. सत्तरच्या दशकात कोराडीचे औष्णिक केंद्र सुरू झाले. सावनेर तालुक्यातच खापरखेड्याचे केंद्र आहे, आणि सावनेरच्या जमिनीखाली कोळशाच्या खाणी. विजेचा पंप लागला, विहिरीला आडवे-उभे बोअर पडले आणि आंबिया अनेकांच्या आवाक्यात आला. काहींनी एकाच बागेत दोन्ही बहार धरले. बाग वाढली, फळ वाढले, नागपुरी संत्र्याचे नाव देशभर झाले. १९८५ मध्ये लिंबूवर्गीय फळांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र नागपुरात सुरू झाले. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

पण याच काळात ताण हा शब्द हळूहळू आपला अर्थ बदलत होता. पूर्वी ताण देणारा माळी होता. तो पाणी तोडू शकत होता, कारण पाणी जोडणे त्याच्या हातात होते. उपशाची स्पर्धा सुरू झाली, शेजारच्याने दोनशे फूट नेले म्हणून आपण तीनशे, आणि पाण्याची पातळी खाली गेली. शेजारच्या वरुड-मोर्शी भागात भूजल अतिशोषित झाले. २०१८ चा पावसाळा तोकडा गेला आणि २०१९ च्या उन्हाळ्यात नागपूर-अमरावतीच्या संत्रापट्ट्यात उभ्या बागा वाळल्या. लोकांनी टँकरने झाडे जगवली, ज्यांना ते झेपले नाही त्यांनी कुऱ्हाड लावली. संत्र्याचे झाड फळावर यायला पाच-सहा वर्षे लागतात. एका उन्हाळ्यात जाते ते पाच-सहा वर्षांचे संगोपन आणि पुढच्या वीस वर्षांची आशा. त्या उन्हाळ्यातही झाडांना ताण बसला होता, पण तो कोणी दिलेला नव्हता आणि तोडणे कोणाच्या हातात नव्हते.

दुसरीकडे, हवा आहे तेव्हा ताण मिळेनासा झाला आहे. जानेवारीत अवकाळी पाऊस आला की महिनाभराची मेहनत एका रात्रीत वाहून जाते. झाड नवती फेकते, फूल तुरळक. मेमधला वळीव मृगाचे तसेच करतो, आणि मृगाचा पहिला पाऊस पडून पुढे पंधरा दिवस उघडीप झाली तर फुटलेला बहार करपतो. भारी जमिनीत ताण बसत नाही म्हणून वाढ रोखणारी क्लोरमेक्वाटसारखी रसायने फवारतात. पाण्याने जे साधायचे ते औषधाने साधण्याचा हा मार्ग. तो उपयोगी पडतो, हे नाकारता येत नाही. पण त्याने पानाच्या वळणावरून झाड वाचण्याची सवय सुटत जाते, हेही दिसते. ठिबकामुळे पाणी वाचते, हा मोठाच लाभ. मात्र ठिबकखालच्या मुळ्या ओल्या पट्ट्यातच राहतात, त्यामुळे ताण लवकर बसतो आणि जुने आठवड्यांचे हिशेब जसेच्या तसे लागू पडत नाहीत. ते नव्याने बसवावे लागतात, आणि ते काम शेतकरी व संशोधक दोघांनी मिळून करण्याचे आहे.

नागपूर-छिंदवाडा ही नॅरोगेज रेल्वे सावनेरवरून, सौसरवरून जाई. २०१५ च्या अखेरीस ती बंद झाली आणि तिथे ब्रॉडगेज आली. सौसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात असले तरी तिथले संत्रे, तिथली बोली आणि तिथले बहार सावनेरचेच आहेत. राज्यांच्या सीमा बदलल्या, राजे गेले, रेल्वेचे रूळ रुंद झाले, तरी ही परिभाषा टिकली. ती टिकली कारण ती रोज वापरात होती.

म्हणूनच मला वाटते की बहार ही केवळ शेतीची क्लृप्ती म्हणून नोंदवू नये. तिच्यात एका प्रदेशाने पाण्याशी केलेला करार आहे. केव्हा घ्यायचे नाही, किती घ्यायचे नाही आणि कोणत्या खुणेला थांबायचे, हे त्या करारातले कलम. एकाच झाडावर दोन बहार धरू नयेत, असे जाणते बागाईतदार सांगत आले आणि संशोधन केंद्रेही तेच सांगतात. विहिरीची खोली पाहून बहार निवडावा, ही जुनी समज. ज्याच्याकडे मे महिन्याचे पाणी नाही त्याने आंबियाच्या मागे लागून बोअर खोल करण्यापेक्षा मृगाची जोखीम पत्करावी, आणि गावाने मिळून पावसाचे पाणी जमिनीत मुरवावे, असा तिचा आजचा अर्थ होतो. शासनाच्या योजना रोपांना, खताला, फवारणीला पैसा देतात. त्यातला काही भाग भूजल भरून काढण्याला आणि गावनिहाय बहाराचे नियोजन करण्याला मिळाला, तर ही विद्या पुन्हा उभी राहील.

काचघरातल्या आमरीने इंग्लंडला जे शिकवले ते सावनेरच्या माळ्याला आधीच ठाऊक होते : झाडाला रिकामे दिवसही लागतात. आता तो रिकामेपणा झाडापुरता पुरणार नाही. तो विहिरीलाही द्यावा लागेल.